तारीख नसलेला तुरुंग

भारतीय छोट्या पडद्यावर तुरुंग कमी वेळा आला, असे म्हणता येणार नाही. दैनंदिन मालिकांतील खोट्या आळात अडकलेल्या नायिकेपासून ते ओटीटीवरील, म्हणजे इंटरनेटवरून थेट घरात मालिका पोचवणाऱ्या सेवांवरील, आठ-दहा भागांच्या खटलेनाट्यांपर्यंत गजांचा आणि लोखंडी दरवाजांचा वापर सढळ हाताने झालेला आहे. तरीही या चित्रणांतून एक गोष्ट सातत्याने गळत आलेली आहे, आणि ती गळल्यामुळे बाकीचे तपशील कितीही बरोबर असले तरी एकूण चित्र चुकते. भारतातील तुरुंग हे मुख्यतः शिक्षा भोगण्याचे ठिकाण उरलेले नसून खटला चालण्याची, किंबहुना तो सुरू होण्याची, वाट पाहण्याचे ठिकाण झालेले आहे. आत असलेल्या माणसाचे सारे आयुष्य पुढच्या 'तारखे'भोवती फिरते, आणि ज्या माध्यमाला दर पाऊण तासाला काहीतरी घडवून दाखवावेच लागते त्याला काहीही न घडणे दाखवता येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशातील कारागृहांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२२ सालच्या अहवालानुसार देशात १,३३० कारागृहे होती, त्यांची एकत्रित क्षमता ४,३६,२६६ होती आणि प्रत्यक्षात त्यांत ५,७३,२२० माणसे कोंबलेली होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चारांतले तीन, 'न्यायाधीन बंदी' होते. ज्याच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही आणि ज्याचा तपास किंवा खटला चालू आहे, त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. तुरुंगाच्या बोलीत तो 'कच्चा कैदी'. शिक्षा झालेला तो 'सिद्धदोष बंदी', म्हणजे 'पक्का'. कच्च्या कैद्यांपैकी अकरा हजारांहून अधिक जण पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आत होते. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असलेली इतकी माणसे ज्या संस्थेत राहतात तिला 'शिक्षेची जागा' म्हणणे हिशेबाने चूक आहे. मालिका मात्र ते नेमाने करतात.

मुळात दोन वेगळ्या कोठड्यांतला फरकही पडद्यावर क्वचितच पाळला जातो. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. दंडाधिकारी त्याला तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात देतो तेव्हा ती 'पोलीस कोठडी' होते आणि तो माणूस पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये राहतो. पोलीस कोठडीची मुदत संपली की त्याची रवानगी 'न्यायालयीन कोठडी'त होते, म्हणजे तो कारागृह खात्याच्या ताब्यात जातो, जेथील अधिकारी, नियम, गणवेश आणि वरिष्ठ सगळेच वेगळे असतात. दैनंदिन मालिकांत लॉकअप म्हणजेच जेल असते. नायिका इस्त्रीच्या साडीत गज धरून उभी असते, तपास करणारा इन्स्पेक्टरच तिचा जेलरही असतो आणि पुढच्या सोमवारपर्यंत कोणीतरी पुरावा आणून तिला सोडवून नेते. या मालिकांकडून वास्तवाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, कारण तेथे तुरुंग हे सासूच्या टोमण्यासारखेच कथा पुढे ढकलण्याचे एक साधन असते. खरा प्रश्न आहे तो वास्तवाचा दावा करणाऱ्या मालिकांचा.

अशा मालिकांपैकी 'क्रिमिनल जस्टिस'चे उदाहरण अभ्यासाला विशेष सोयीचे आहे, कारण तिची गोष्ट तीन देशांतील तीन तुरुंगांत घडलेली आहे. पीटर मोफॅट यांनी लिहिलेली मूळ मालिका बीबीसीवर २००८ मध्ये पाच भागांत आली. तिच्यावर बेतलेली 'द नाइट ऑफ' ही आठ भागांची मालिका अमेरिकेत एचबीओने २०१६ मध्ये दाखवली, आणि २०१९ मध्ये हॉटस्टारवर तिग्मांशू धुलिया आणि विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला दहा भागांचा हिंदी अवतार आला. यांतील फुरिया मराठी प्रेक्षकाला 'लपाछपी' या भयपटामुळे आधीच ठाऊक होते. तिन्हींत टॅक्सी घेऊन निघालेला एक पापभीरू तरुण आहे, एका अनोळखी मुलीबरोबर घालवलेली रात्र आहे, सकाळी सापडलेले तिचे प्रेत आहे आणि त्वचारोगाने हैराण झालेला एक किरकोळ वकील आहे. हिंदीत तो माधव मिश्रा झाला आणि पंकज त्रिपाठी यांनी तो इतका रंगवला की पुढच्या पर्वांत गोष्टी बदलल्या, वकील राहिला.

या तिन्ही मालिकांत आणखी एक पात्र समान आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. नवा कैदी आत येतो, त्याला मारले जाते, तो एकटा पडतो आणि मग तुरुंगावर हुकूमत असलेला एक जुना कैदी त्याला आपल्या छत्राखाली घेतो आणि त्या छत्राची किंमत हळूहळू वसूल करतो. ब्रिटिश मालिकेत ती भूमिका डेव्हिड हेअरवुड यांची, अमेरिकेत मायकल के. विल्यम्स यांची आणि हिंदीत जॅकी श्रॉफ यांच्या मुस्तफाची. इंग्लंडचा तुरुंग, न्यूयॉर्कचे रायकर्स बेट आणि मुंबईचे कारागृह यांच्या रचनेत, गर्दीत, जेवणात आणि कायद्यात जमीन-अस्मानाचे अंतर असतानाही त्या तिन्ही ठिकाणी नेमके एकसारखेच नाट्य घडावे, हे तुरुंगांच्या साम्याचे लक्षण मानता येत नाही. साचा तयार होता आणि तुरुंग त्यात ओतला गेला. हिंदी मालिकेतील विक्रांत मॅसीचा आदित्य शर्मा सुरुवातीच्या भागांत जो थिजलेला दिसतो तेथे अभिनयाने साच्यावर मात केली आहे, पण पुढे साचाच जिंकतो.

या साच्याच्या मुळाशी एक न्यायपद्धती आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. इंग्लंड-अमेरिकेत गंभीर खटला ज्यूरीपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांपुढे, चालतो. या पंचांना कामधंदा सोडून बसवलेले असल्याने खटला एकदा उभा राहिला की सलग दिवसांत संपवावाच लागतो. साक्षी, उलटतपासणी, भाषणे, निकाल हे सगळे एका दमात होते. पाश्चात्त्य खटलेनाट्याला त्याचा वेग आणि त्याचा शेवट हा असा आयता मिळालेला आहे. भारतातून ज्यूरी गेली. सत्र न्यायालयातील खटला रोज चालवावा असे कायदा सांगत असला तरी व्यवहारात तो तारखांच्या तुकड्यांत चालतो. एका तारखेला साक्षीदार येत नाही, दुसरीला सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात असतात, तिसरीला आरोपीला आणायला पोलीस बंदोबस्त मिळत नाही, चौथीला न्यायाधीशांची बदली झालेली असते. ब्रिटिश कथानक मुंबईत आणताना लेखकांनी नावे, भाषा, वस्ती, जेवण सगळे बदलले, मात्र खटल्याचा वेग तसाच ठेवला, आणि त्या एका गोष्टीने मालिकेतला तुरुंग परदेशी राहिला. आदित्यच्या जागी खरा आरोपी असता तर पहिले पर्व संपेपर्यंत कदाचित आरोपनिश्चितीही झाली नसती.

वाट पाहणे पडद्यावर दाखवताच येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. 'द नाइट ऑफ' ज्या रायकर्स बेटावर घडते त्याच बेटावर कालीफ ब्राउडर हा कृष्णवर्णीय मुलगा पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपाखाली २०१० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, डांबला गेला. जामिनाचे पैसे घरच्यांना भरता आले नाहीत, सरकारपक्ष दर वेळी तयारी नसल्याचे सांगून पुढची तारीख घेत राहिला आणि तीन वर्षे, त्यांतला मोठा काळ एकांतवासात, काढल्यावर २०१३ मध्ये त्याच्यावरचा खटलाच काढून घेण्यात आला. दोन वर्षांनी त्याने आत्महत्या केली. २०१७ साली त्याच्यावर सहा भागांची माहितीपट-मालिका निघाली आणि तिचा कणाच मुळी पुढे ढकललेल्या तारखांचा होता. खलनायक म्हणून तेथे कोणी मुस्तफा लागला नाही, तहकुबी पुरेशी ठरली.

भारतीय मालिकांत या वाटेवर थोडेफार चाललेली मालिका म्हणजे 'स्कूप', आणि तिचा महाराष्ट्राशी असलेला संबंध अगदी थेट आहे. 'मिड-डे'चे ज्येष्ठ गुन्हेवार्ताहर जे. डे यांचा ११ जून २०११ रोजी पवईत गोळ्या घालून खून झाला. त्या प्रकरणात 'एशियन एज'च्या पत्रकार जिग्ना व्होरा यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मकोका, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लावून अटक झाली. या कायद्याखाली जामीन मिळणे अतिशय कठीण असते, कारण आरोपी दोषी नसल्याचे सकृद्दर्शनी पटल्याशिवाय न्यायालयाला तो देता येत नाही. व्होरा यांना २०१२ च्या जुलैमध्ये जामीन मिळाला आणि २०१८ च्या मे महिन्यात विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयानेही पुढे तो निकाल कायम केला. भायखळ्याच्या महिला कारागृहातील दिवसांवर त्यांनी २०१९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्यावरून हंसल मेहता यांनी मृण्मयी लागू वायकुळ यांच्यासह केलेली सहा भागांची मालिका जून २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. मृण्मयी या रीमा लागू यांच्या कन्या. मुंबईच्या पत्रकारितेची आणि न्यायालयाच्या आवाराची भाषा या मालिकेत कानाला खटकत नाही, याचे काही श्रेय लेखनाकडे जाते.

'स्कूप'मधील जागृती पाठक (करिश्मा तन्ना) ही काल-परवापर्यंत पोलीस आयुक्तालयाच्या जिन्यावर अधिकाऱ्यांना पहिल्या नावाने हाक मारणारी बाई आहे. तिची झडती होते, तिचे सामान काढून घेतले जाते, बराकीत, म्हणजे अनेक बंद्यांनी एकत्र राहायच्या लांब खोलीत, तिला जमिनीवर वीतभर जागा मिळते. येथपर्यंत सगळे ओळखीचे आहे. मालिकेचे वेगळेपण यात आहे की जागृतीला सर्वांत जास्त छळते ती बाहेरची बातमी. आपल्याविषयी आपलेच सहकारी काय छापत आहेत हे तिला कळत राहते आणि उत्तर देण्याचे साधन हातात नसते. अर्थात मालिकेलाही मर्यादा होत्या. सहा भागांपैकी मोठा हिस्सा अटकेपूर्वीच्या घडामोडींवर आणि वृत्तपत्रांच्या आपसांतील चढाओढीवर खर्च होतो, आणि निर्दोष सुटकेपर्यंतची सहा-साडेसहा वर्षे, ज्यांत जामिनावरचा माणूसही तारखांना बांधलेलाच असतो, झरझर उलटली जातात.

भायखळ्याच्या याच कारागृहात जून २०१७ मध्ये घडलेली एक घटना कोणत्याही पटकथालेखकाला सुचली नसती. जन्मठेप भोगत असलेल्या आणि चांगल्या वर्तणुकीमुळे वॉर्डनचे काम मिळालेल्या एका बंदी महिलेकडे बराकीतील रेशनाचा हिशेब होता. सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. यावरून तिला कारागृहातील महिला कर्मचाऱ्यांनी मारहाण केली आणि त्यातच तिचा मृत्यू झाला, असा आरोप झाला. सहा जणींवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, आणि इतर बंदी महिलांनी गच्चीवर चढून निदर्शने केली. 'बंदी असूनही अधिकार असलेला' हा मधला वर्ग मालिकांना जवळजवळ अपरिचित आहे, मात्र कारागृहाचा गाडा त्याच्याच खांद्यावर असतो. १८९४ चा कारागृहे अधिनियम अशा सिद्धदोष वॉर्डरांना आणि मुकादमांना लोकसेवक मानतो. कर्मचाऱ्यांची जवळजवळ तीस टक्के मंजूर पदे देशभर रिकामी असताना मोजणी, वाटप, स्वयंपाक, साफसफाई या माणसांशिवाय होऊच शकत नाही. पडद्यावरचा भाई सत्ता मिळवतो ती सुऱ्याच्या जोरावर. खऱ्या बराकीत सत्ता पुष्कळदा वाढप्याच्या हातात असते, कारण डाळ तळातून घालायची की वरून, हे तो ठरवतो.

हिंसेविषयीही असेच म्हणावे लागते. तुरुंगांत मारामाऱ्या होत नाहीत, टोळ्या नसतात किंवा खंडणी उकळली जात नाही, असे कोणी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या हक्कांविषयी दिलेल्या सर्वांत महत्त्वाच्या निकालांपैकी एक, सुनील बत्रा खटल्यातील १९७९ चा निकाल, तिहारमधील एका वॉर्डरने पैशांसाठी कैद्याचा केलेला छळ कळवणाऱ्या पत्रातूनच निघाला. ते पत्र न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले. पण मृत्यूची आकडेवारी पाहिली की प्रमाण ध्यानात येते. २०२२ मध्ये देशातील कारागृहांत १,९९५ जण दगावले. त्यांतील १,७७३ मृत्यू आजार किंवा वय यांमुळे झालेले, म्हणून 'नैसर्गिक' नोंदवले गेले. अनैसर्गिक मृत्यू १५९ होते आणि त्यांतही ११९ आत्महत्या होत्या. 'नैसर्गिक' हा शिक्का विश्वासाने घेण्यासारखा नाही. वेळेवर न मिळालेला डॉक्टर, बंदोबस्ताअभावी रद्द झालेली रुग्णालयाची फेरी, या गोष्टी त्या शिक्क्याखाली झाकल्या जातात. तरीही तुरुंगात माणूस मरतो तो बहुतेक वेळा छातीच्या दुखण्याने आणि क्षयाने, किंवा गळफास लावून. मालिकांत तो न्हाणीघरात भोसकला जातो. एचबीओच्या 'ऑझ'ने १९९७ ते २००३ या काळात हे न्हाणीघराचे नाट्य इतके परिणामकारक केले की नंतरच्या दोन पिढ्यांना त्याच्या बाहेर पडता आलेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली, विक्रमादित्य मोटवाने यांची 'ब्लॅक वॉरंट' ही सात भागांची मालिका या संदर्भात सर्वांत मोलाची आहे, कारण तिने दार वेगळे निवडले. तिचा नायक कैदी नसून १९८१ मध्ये तिहार कारागृहात रुजू झालेला एक किडकिडीत, सभ्य, शिवी न देणारा सहायक अधीक्षक आहे. तो खराही आहे: सुनील गुप्ता यांनी तेथे तीन दशकांहून अधिक काळ नोकरी केली आणि पत्रकार सुनेत्रा चौधरी यांच्यासह आपल्या आठवणी २०१९ मध्ये पुस्तकरूपाने लिहिल्या. मालिकेचे नाव ज्यावरून आले ते 'ब्लॅक वॉरंट' म्हणजे फाशीची तारीख, वेळ आणि ठिकाण नमूद करणारा न्यायालयाचा आदेश. रंगा आणि बिल्ला या खुन्यांची ३१ जानेवारी १९८२ ची फाशी, आणि त्यानंतर दोन तासांनीही रंगाची नाडी चालू असल्याचा गुप्तांनी सांगितलेला प्रसंग, हा या कथेतला सर्वांना लक्षात राहणारा भाग. मात्र मालिकेचे बळ तेथे नाही. झहान कपूरचा सुनील, त्याचे सहकारी आणि राहुल भट यांनी साकारलेला उपअधीक्षक तोमर यांच्यातील रोजच्या व्यवहारात ते आहे. कोणता वॉर्ड कोणत्या टोळीला, कोणाच्या वाट्याचे धान्य कोणाकडे, कोणत्या कागदावर सही करायची आणि कोणत्या कागदाकडे डोळेझाक, अशा प्रश्नांतून एक कारागृह कसे चालते हे येथे दिसते. कायदा शिकलेला सुनील बंद्यांना वकील मिळावा म्हणून खटपट करू लागतो तेव्हा मालिका प्रथमच कच्च्या कैद्याच्या दाराशी येते. उंबरठा ओलांडत मात्र नाही, कारण तोवर तिहारमधला कुख्यात कैदी चार्ल्स शोभराज याला पडद्यावर परत यायचे असते.

शोभराजविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत गोवा आहे आणि मुंबईचा एक मराठी पोलीस अधिकारीही आहे. मार्च १९८६ मध्ये वाढदिवसाच्या निमित्ताने गुंगीचे औषध घातलेली मिठाई वाटून शोभराज तिहारच्या दारातून बाहेर पडला आणि एप्रिलमध्ये पर्वरी येथील 'ओ कोकेरो' या उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी त्याला पकडले. त्या उपाहारगृहात आता त्याचा पुतळा आहे. (गोव्याची पर्यटनबुद्धी कशाकशाचे भांडवल करील हे सांगता येत नाही.) झेंडे यांच्यावर चिन्मय मांडलेकर यांनी केलेला, मनोज वाजपेयी यांचा हिंदी चित्रपटही २०२५ मध्ये आला. पडद्याला या पलायनात बुद्धी, मिठाई आणि पाठलाग दिसला, यात नवल नाही. त्यामागचा हेतू मात्र बऱ्याच अभ्यासकांच्या मते वेगळाच होता. भारतातील शिक्षा संपताच त्याला थायलंडच्या हवाली केले जाणार होते, तेथे त्याची गाठ मृत्युदंडाशी होती आणि तेथील वॉरंटची मुदत वीस वर्षांची होती. पळून पुन्हा पकडले गेल्याने भारतातला मुक्काम वाढला, ती मुदत उलटली आणि १९९७ मध्ये तो सुटला. देशातील सर्वांत गाजलेले तुरुंगफोडीचे प्रकरणही अखेर तारखांचाच हिशेब निघावा, ही गोष्ट पटकथेच्या दृष्टीने गैरसोयीची असली तरी तुरुंगाच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे.

'स्कूप' एका इंग्रजी पत्रकाराच्या पुस्तकावरून आली आणि 'ब्लॅक वॉरंट' एका अधिकाऱ्याच्या. हा योगायोग नव्हे. आत जाऊन पाहण्याचे मार्ग अरुंद आहेत आणि ते अधिकाधिक अरुंद होत गेले आहेत. शीला बारसे या पत्रकार मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा महिलांशी बोलल्या, त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले आणि बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये महिलांच्या कोठडीविषयी आणि बंद्यांना मिळायच्या विधिसाहाय्याविषयी निर्देश दिले. त्यानंतर काळ बदलला. २०१५ मध्ये तिहारमधील एका दोषीची मुलाखत असलेल्या 'इंडियाज डॉटर' या माहितीपटावरून वादळ उठले आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने पत्रकार व चित्रपटकारांना कारागृहात प्रवेश देण्याविषयी कडक सूचना काढल्या. त्यांनुसार अनामत रक्कम ठेवावी लागते आणि चित्रित केलेले सारे तपासणीसाठी कारागृहाच्या स्वाधीन करावे लागते. परिणामी मालिकांच्या हाती लागतात त्या बाहेर पडून पुस्तक लिहू शकणाऱ्यांच्या आठवणी. अमेरिकेतही 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' ही २०१३ ते २०१९ चाललेली मालिका तेरा महिने तुरुंगात काढलेल्या पायपर कर्मन या सुशिक्षित गोऱ्या स्त्रीच्या पुस्तकावरून आली. निर्मात्या जेन्जी कोहान यांनी मान्य केले होते की कृष्णवर्णीय आणि लॅटिन स्त्रियांच्या कथा वाहिनीला थेट विकता आल्या नसत्या, म्हणून पायपरच्या आडून त्या आत नेल्या. भारतीय मालिकांत पायपर आहे, तिच्या आडून आत जाणारे कोणी नाही. देशातील बंद्यांत जवळजवळ पाव भाग निरक्षर आहेत, आणखी चाळीस टक्क्यांच्या आसपास दहावीपर्यंत पोचलेले नाहीत. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून सुमारे दोन तृतीयांश आहेत. या मालिकांत ते बराकीतली गर्दी म्हणून येतात.

त्यामुळे जात हा विषय या चित्रणांत नाहीच, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. कारागृहांच्या नियमपुस्तिकांत, ज्यांना जेल मॅन्युअल म्हणतात, कोणत्या जातीच्या बंद्याने स्वयंपाक करायचा आणि कोणत्या जातीच्या बंद्याकडे संडास-सफाई द्यायची याच्या तरतुदी अनेक राज्यांत स्वातंत्र्यानंतरही छापील स्वरूपात शिल्लक होत्या. मुंबईस्थित पत्रकार सुकन्या शांता यांनी हे २०२० मध्ये उघडकीस आणले, पुढे स्वतःच याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवून बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. न्हाणीघरातल्या सुऱ्यापेक्षा हा रकाना अधिक भयंकर होता आणि दाखवायला तर अगदीच स्वस्त.

मराठी वाचकाच्या मनातला तुरुंग घडला तो मुळात वेगळ्या माणसांमुळे. मंडालेत लिहिलेले 'गीतारहस्य', अंदमानवरची 'माझी जन्मठेप', नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' या परंपरेत कैदी हा विचार करणारा, लिहिणारा माणूस असतो; अनिल बर्वे यांच्या 'थँक यू मिस्टर ग्लाड'मध्येही जेलर आणि फाशीचा राजकीय कैदी यांचा झगडा शब्दांनीच चालतो. व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ'मधून वेगळी वाट दाखवली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे, तेव्हाच्या औंध संस्थानात, कैद्यांना भिंतीशिवाय शेतीवर ठेवण्याचा जो प्रयोग झाला होता त्यावर तो चित्रपट बेतलेला होता, आणि त्यातले सहा जण खुनी होते. सुधारणेवरचा त्याचा विश्वास आज भाबडा वाटू शकतो. पण गुन्हेगार सकाळी उठून दिवसभर करतो काय, हा प्रश्न त्या चित्रपटाने विचारला होता आणि कुदळ, नांगर, भाजीचा बाजार यांतून त्याचे उत्तर दाखवले होते.

याच्या दुसऱ्या टोकाला २०२२ चा 'लॉक अप' हा कार्यक्रम. कंगना राणावत सूत्रसंचालक, प्रसिद्ध माणसे 'कैदी', जेलसारखा सेट, आणि बाद होणे टाळायचे तर एखादे गुपित उघड करायचे. विजेता ठरला मुनव्वर फारुकी हा विनोदकार, जो वर्षभरापूर्वीच, १ जानेवारी २०२१ रोजी, इंदूरमध्ये अटक होऊन महिन्याहून अधिक काळ खऱ्या तुरुंगात होता. खालच्या न्यायालयांनी आणि उच्च न्यायालयाने जामीन नाकारल्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्याला तो दिला. सेटवरच्या तुरुंगात त्याला दर आठवड्याला मते मिळत होती आणि बाहेर पडण्याचे नियम आधी सांगितलेले होते. खऱ्या तुरुंगात यांतले काहीच नव्हते.

कायदा या प्रतीक्षेकडे अगदीच पाठ फिरवून बसलेला नाही. जलद खटल्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे बिहारमधील कच्च्या कैद्यांविषयीच्या हुसैनारा खातून खटल्यात १९७९ मध्येच ठरले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर. तो हिशेब मांडून अर्ज न्यायालयापुढे नेण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकलेली आहे. जामीन मंजूर झाल्यावरही जामीनदार न मिळाल्याने आत राहणारे पुष्कळ असतात. 'ब्लॅक वॉरंट'च्या सुनीलसारख्या अधिकाऱ्याला येथे सबंध एक पर्व मिळू शकेल: एक नोंदवही, एक गणकयंत्र आणि प्रत्येक नावापुढे काढायचा एक तृतीयांश.

दरम्यान तारखेचे स्वरूपही बदलले आहे. पोलीस बंदोबस्त अपुरा असल्याने आणि सोयीचे पडत असल्याने अनेक बंद्यांना आता न्यायालयात नेतच नाहीत. कारागृहातल्याच एका खोलीत रांगेने बसवून त्यांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे न्यायाधीशांसमोर हजर केले जाते. पूर्वी तारखेला गाडीतून शहर दिसे, कोर्टाच्या व्हरांड्यात आई किंवा बायको भेटे, घरचा डबा मिळे, वकिलाच्या कानात दोन शब्द घालता येत. आता नाव पुकारले जाते, बंदी कॅमेऱ्यापुढे उभा राहतो, पलीकडून पुढची तारीख सांगितली जाते, आणि आवाज नीट आला नसेल तर ती तारीख तो नंतर हवालदाराला विचारून घेतो.